चेहरा केला, कान राहिले

२०१४च्या दिवाळीनंतर मी डहाणू रोड स्टेशनजवळच्या एका फोटो स्टुडिओत कामाला लागले. बारावीनंतर कॉम्प्युटरचा कोर्स केला होता आणि घरी बसून वाळत घातलेले बोंबील उलटेपालटे करण्यापेक्षा ते बरं, म्हणून आईनेच मला पाठवलं. आमचं घर झाईला, किनाऱ्याला लागून. सकाळची बस पकडायची, बोर्डीला ती शाळेच्या पोरांनी भरायची, मग मसोलीला उतरून उरलेलं चालत जायचं, असा माझा पाच वर्षांचा रस्ता.

स्टुडिओ लहान होता. पुढे काउंटर, मध्ये पडदा, पडद्यामागे स्टूल, दोन छत्र्या लावलेले दिवे आणि निळा पडदा. भिंतीवर खिळ्याला एक काळा कोट आणि बांधलेला टाय कायमचा लटकलेला, ज्याला हवा त्याने घालावा. आरशाजवळ कंगवा आणि पावडरचा डबा. मालक गुजराती बोलणारे. घरी गुजराती, गिऱ्हाइकाशी मराठी आणि लग्नाच्या अल्बमची बोलणी हिंदीत. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो, ते मला बेन म्हणायचे. ते फोटो काढायचे आणि मी आतल्या कॉम्प्युटरवर तो नीट करून प्रिंट द्यायची.

शेठची एक पद्धत होती. माणूस स्टुलावर बसला की ते कॅमेऱ्यातून बघत आणि फोटो काढता काढताच मला आवाज देत: बेन, एक. बेन, दोन. बेन, तीन. गिऱ्हाइकाला वाटे, किती कॉपी काढायच्या ते सांगतायत. ते कॉपीचं नव्हतं, रंगाचं होतं. गव्हाळ माणसाला एक पायरी उजळ करायचं, सावळ्याला दोन, काळ्याला तीन. चिकूच्या वाड्या असलेल्या इराण्यांपैकी कुणी आलं तर शेठ काहीच बोलायचे नाहीत, म्हणजे माणूस आधीच गोरा, हात लावायचा नाही. आदिवासी पाड्यांवरून येणाऱ्यांना बहुतेक तीन. आमच्या किनाऱ्यावरच्यांनाही तीनच, कारण दर्यावर आणि वाळवणावर ऊन कुणाला सोडत नाही. पहिल्या दिवशी शिकवायला म्हणून त्यांनी माझाच फोटो काढला आणि जरा थांबून म्हणाले, दोन. मी म्हटलं, शेठ, खरं सांगा. मग ते म्हणाले, तीन.

मला राग आला नाही. खोटं कशाला बोलू, मला ते सोयीचं वाटलं. आमच्या घरात मी सगळ्यात काळी. लहानपणी माझ्या तोंडाला साय आणि बेसन चोळता चोळता आईचे हात दुखून यायचे, आणि पाहुणे "काळी असली तरी नाकीडोळी नीट आहे" असं म्हणाले की आई त्यांना आणखी एक बोंबील वाढायची. आणि इथे मी तीन मिनिटांत, न चोळता, कुणालाही गोरं करत होते. मला त्या कामात हात बसला. आधी गालावरचे डाग पुसायचे, मग डोळ्यांखालचं काळं काढायचं, मग चेहरा निवडून त्याचा रंग उजळ पायरीवर चढवायचा. त्याला आम्ही "चेहरा करणं" म्हणायचो. चेहरा केला का? केला. झालं.

लग्नाची माहितीपत्रकंही मीच टाइप करायची. त्यात "वर्ण" म्हणून एक ओळ असते. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा एवढे शब्द मी टाइप केले. काळा हा शब्द पाच वर्षांत एकदाही टाइप करावा लागला नाही. डहाणू-तलासरीत राहणाऱ्याने हे वाचून काय समजायचं ते समजावं.

माझा स्वतःचा लग्नासाठीचा फोटोही मीच केला होता. त्याचं जे झालं ते सांगायलाच हवं. २०१५च्या उन्हाळ्यात उंबरगावकडची माणसं मला बघायला आली. मुलगा, त्याची आई आणि एक मावशी. आईने साडी नेसवली, मी सरबताचा ट्रे घेऊन बाहेर आले, सगळ्यांना ग्लास दिले आणि समोर बसले. मावशीने ग्लास घेतला आणि माझ्या खांद्यावरून आतल्या दाराकडे बघत राहिली. थोड्या वेळाने ती आईला म्हणाली, मुलीला बोलवा ना, किती वेळ आत ठेवणार. आई हसायला लागली, म्हणजे नुसते दात दाखवायला लागली. मीच म्हटलं, "मुलगी आली की. सरबत दिलं ना तुम्हाला."

त्यांनी ते सरबत पूर्ण प्यायलं, हे मी त्यांच्या बाजूने सांगते. आठवड्याने निरोप आला की पत्रिका जुळत नाही. आम्ही पत्रिका दिलीच नव्हती.

त्यानंतर मी कुणाचाच चेहरा केला नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत अकरा जणांना गोरं केलं. मला त्या मावशीचा राग आला होता, मुलाचा आला होता, आईच्या हसण्याचा तर फारच आला होता. स्वतःच्या हाताचा मात्र आला नाही. हे पुढच्या गोष्टीसाठी लक्षात असू द्या, कारण पुढे जे झालं ते मला ठाऊक नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

२०१७च्या जूनमध्ये एक मुलगी आली. ॲडमिशनचे दिवस, काउंटरवर गर्दी. ती चपला बाहेर काढून आत आली. पाड्यावरची माणसं आमच्याकडे चपला बाहेर काढायची. कुणी सांगितलेलं नव्हतं, आणि बाकीचे कुणी काढत नव्हते. शेठ शहरातल्या बायांना पंख्याखालची खुर्ची द्यायचे, पाड्यावरचे लोक बाहेरच्या बाकड्यावर बसायचे. तेही कुणी सांगितलेलं नव्हतं.

मुलगी तलासरीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची. दहावीपर्यंत आश्रमशाळेत, मग दोन वर्षं डहाणूच्या वसतिगृहात राहून तिने बारावी केली होती. तिचा नंबर येईपर्यंत ती माझ्या काउंटरला टेकून उभी राहिली आणि मी विचारलं म्हणून सांगत गेली. तिला नर्सिंगच्या कोर्सला जायचं होतं. तलासरीतच एक संस्था तो कोर्स चालवायची, तिचं नाव मी घेत नाही. मी विचारलं, नर्सच का? ती म्हणाली की त्यांच्या पाड्यावर सिस्टर येतात, पण झोपडीत कधी येत नाहीत. अंगणवाडीच्या ओट्यावर बसून बायांना हाका मारतात. बाळंतिणीलासुद्धा तिथवर चालत यावं लागतं. ती म्हणाली, मी घरात जाईन. एवढंच म्हणाली आणि स्टुलावर बसायला गेली.

शेठनी आवाज दिला, तीन. मी चेहरा केला. बाहेर पाच जण खोळंबले होते, म्हणून जरा घाईतच केला. आठ कॉपी कापून लहान पाकिटात घालून दिल्या. तिने दारात उभं राहून एक फोटो बाहेर काढला आणि बराच वेळ बघत राहिली. मग माझ्याकडे बघितलं. मग फोटो परत पाकिटात घातला, चपला घातल्या आणि गेली. मला वाटलं, आवडला.

जुलैत एका मंगळवारी दुपारी ती परत आली. बरोबर तिचे वडील होते. वडील बाहेर बाकड्यापाशीच थांबले, ती आत आली आणि म्हणाली, ताई, मला नवीन फोटो पाहिजे, मी आहे तशी. मी म्हटलं, आहेस तशी म्हणजे? तेव्हा तिने सगळं सांगितलं.

कोर्सच्या यादीत तिचं नाव लागलं होतं. सोमवारी कागदपत्रं दाखवायला बोलावलं होतं. टेबलावरच्या क्लार्कने तिचा फॉर्म उचलला, फोटो बघितला, तिच्याकडे बघितलं आणि फॉर्म हात लांब करून धरला. हा फोटो कुणाचा, म्हणून विचारलं. ती म्हणाली, माझा. त्याने शेजारच्याला दाखवला, दोघं हसले. आधार कार्डावरचा फोटो सातवीतला, त्यात कुणीही असू शकतं म्हणाला. हॉल तिकिटाची झेरॉक्स तर नुसती शाई होती. मग तो म्हणाला की तुमच्या पाड्यांवर एकीच्या कागदांवर दुसरी येऊन बसते, हे आम्हाला नवीन नाही. बुधवारी चार वाजेपर्यंत ती स्वतःच ती मुलगी असल्याचं दाखवलं नाही, तर यादीतलं पुढचं नाव घेणार होते.

हे तिने न रडता सांगितलं. माझ्यावर आळ घेतला नाही, हा तुम्ही केला असंही म्हणाली नाही. मला ते जास्त लागलं. मी तिला म्हटलं, फोटो मी केलाय, तर उद्या मीच येते तिथे आणि सांगते. तिला ते खरं वाटलं नसावं. ती बाहेर जाऊन वडिलांना सांगून आली आणि वडील पहिल्यांदाच उंबरठ्याच्या आत आले. त्यांना वाटलं असणार, मी नाही म्हणत्येय. ते हात जोडून म्हणाले, "ताई, पोरीचा नंबर लागलाय, तो जायला नको."

मी शेठना बोलावलं. नवीन फोटो काढताना त्यांनी सवयीने तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मिटलं. जूनचा मूळ फोटो कॉम्प्युटरवर होता. आम्ही मूळ फोटो वर्षभर ठेवायचो. मी मूळ फोटो, मी केलेला फोटो आणि आजचा फोटो असे तीन मोठे प्रिंट काढले. मग शेठना म्हटलं, कागदावर लिहून द्या की हे आपल्याकडचं काम आहे, आणि शिक्का मारा. शेठ माणूस वाईट नव्हते. पण शिक्क्याचं नाव काढल्यावर ते मागे सरले.

"बेन, आपण फोटो देतो, सर्टिफिकेट नाय देत," ते म्हणाले. उद्या दुकानाचं नाव निघेल, पोलीस विचारायला येतील, सगळे गिऱ्हाईक म्हणतील आमचे पण फोटो खोटे. मी म्हटलं, आहेतच की. त्यांनी मला बुधवारची सुट्टी दिली, शिक्का दिला नाही.

बुधवारी सकाळी मी घरी आईला फक्त तलासरीला जाते एवढं सांगितलं आणि निघाले. नाक्यावर बापलेक माझ्या आधीपासून उभे होते. संस्थेच्या व्हरांड्यात मुलींची रांग होती. वडील बाहेर पायरीवर बसले आणि आम्ही दोघी रांगेत लागलो. साडेअकराला टेबलापर्यंत पोचलो. क्लार्कने मुलीला ओळखलं, म्हणजे सोमवारची फोटोवाली म्हणून ओळखलं. मी तीन प्रिंट टेबलावर मांडले आणि सांगितलं की मी स्टुडिओत काम करते, हिचा रंग मी बदलला, हिने सांगितलं नव्हतं, मला सवय आहे.

त्याने तिन्ही फोटो बघितले आणि विचारलं, स्टुडिओचा शिक्का कुठाय? मी म्हटलं, शिक्का नाही, मी स्वतः आलेय. मग तुम्ही कोण ते दाखवा, म्हणाला.

माझ्या पर्समध्ये पॅन कार्ड होतं. ते मी दिलं. देताना मला काही सुचलं नाही, त्याच्या हातात गेल्यावर आठवलं. पॅन कार्डावरचा फोटो २०१५ सालचा, आमच्याच स्टुडिओतला आणि माझ्याच हातचा. त्याने कार्ड बघितलं, मला बघितलं, परत कार्ड बघितलं.

"ह्या कोण?" त्याने विचारलं.

मी म्हटलं, मीच. आधार कार्ड झाईला घरी होतं. जाऊन आणायचं तर चार वाजून गेले असते. तेव्हा ती मुलगी बोलली. सोमवारी स्वतःसाठी जितकी बोलली नसेल तितक्या ठामपणे माझ्यासाठी बोलली, की ह्या त्याच आहेत, मी ह्यांना दुकानात दोनदा बघितलंय. क्लार्क खुर्चीत मागे रेलून हसला. हिची ओळख ती देणार आणि तिची ओळख ही देणार, म्हणाला. मागच्या रांगेतल्या मुलीही हसल्या. आम्हाला बाजूला उभं राहायला सांगून त्याने पुढची बोलावली.

बाजूला म्हणजे टेबलाच्या कडेलाच उभ्या होतो. तिथून त्याच्यासमोरचा फॉर्मांचा गठ्ठा दिसत होता. एकेक मुलगी येत होती, फॉर्म दाखवत होती, तपासून खूण होत होती. त्यात एक फॉर्म आला आणि मी फोटो बघून थबकले. निळा पडदा आमचा, काम माझं. मुलगी डहाणूतली, चांगली गोरी. तिच्या हनुवटीवर चामखीळ होती ती मी काढली होती. गाल आत घेतले होते, भुवया जाड केल्या होत्या, केस भरले होते आणि रंगही एक पायरी उजळ केला होता. माझ्या हिशोबाने पाड्यावरच्या मुलीच्या फोटोत मी एक गोष्ट केली होती आणि हिच्या फोटोत पाच. क्लार्कने फोटो बघितला, मुलीला बघितलं, खूण केली. ती गेली.

माझं डोकं सटकलं. ती मुलगी पुरती बाहेर जाऊ दिली आणि मग मी क्लार्कला म्हटलं की आत्ता गेली तिचा फोटोही माझाच आहे, हनुवटी बघितलीत का? तिला का नाही अडवलं?

त्याला राग आला नाही. त्याला माझा प्रश्नच विचित्र वाटला. तो म्हणाला, "ती ओळखू येते."

हे वाक्य मी त्यानंतर किती वेळा मनात घोळवलं असेल. तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला ती खरंच ओळखू येत होती. गोऱ्या मुलीला आम्ही आणखी गोरं केलं की तो फोटो चांगला येतो. काळ्या मुलीला केलं की तो फोटो दुसऱ्याचा होतो. फोटो बघून त्याच्या डोळ्यांसमोर जी मुलगी उभी राहत होती तिला नर्स व्हायचा हक्क होता, आणि समोर प्रत्यक्ष उभी होती तिने तो कुठून तरी उचलून आणला असणार, इतकं ते त्याला सरळ दिसत होतं. मला त्याच्यावर ओरडता आलं असतं. पण तीन वर्षं रोज पडद्यामागे बसून तोच चष्मा मी माणसांना घालून देत होते, तर ओरडू कुठल्या तोंडाने?

दोन वाजले. मुलगी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तिचे वडील दोनदा दारापर्यंत येऊन परत गेले. अडीचच्या सुमाराला क्लार्क जेवून आला. मी पुन्हा टेबलाशी गेले आणि म्हटलं, मला तुमच्या मोठ्या मॅडमना भेटायचंय. मॅडम कामात आहेत, म्हणाला. मी म्हटलं, मग मी इथेच मोठ्याने बोलते. झाईला मासळीच्या लिलावात वाढलेल्या बाईचा आवाज कसा असतो हे त्याला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या वाक्याला आतलं दार उघडलं.

मॅडम वयस्कर होत्या, घाईत होत्या आणि त्रासलेल्या होत्या. त्यांनी फॉर्म मागून घेतला, खिडकीच्या उजेडात धरला, मुलीला जवळ बोलावलं आणि मान हलवली. फोटोतले नाकडोळे तसेच वाटतात, पण खात्रीने सांगता येत नाही, म्हणाल्या. मीही त्यांच्या शेजारून त्या फोटोकडे बघत होते. माझंच काम, पण जूनपासून मी त्याच्याकडे परत नीट बघितलं नव्हतं. आणि तेव्हा मला माझी चूक दिसली. घाईत मी चेहरा केला होता, गळाही केला होता, पण कान राहिले होते. गोऱ्या चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना दोन काळे कान.

नवीन माणूस हटकून ही चूक करतो. तीन वर्षांच्या कामानंतर मी ती करावी याची एरवी मला लाज वाटली असती. मी मॅडमना म्हटलं, कान बघा. कानांना मी हात लावलेला नाही. मी फोटोवर बोट ठेवून चेहरा झाकला आणि नुसता कान मोकळा ठेवला. डाव्या कानाला तीन भोकं, पाळीचं भोक खाली ओढून लांब झालेलं, आणि कानाच्या वरच्या काठावर एक बारीक खाच. मुलीने न सांगता केस मागे घेतले आणि मान वळवली. तीन भोकं, लांब झालेली पाळी, वरची खाच. आणि रंगही तोच.

मॅडमनी चष्मा वर केला, खाली केला आणि हसू दाबलं. माझं पॅन कार्ड त्यांनी मागितलंच नाही. बरं झालं, कारण स्वतःच्या फोटोत मी कानसुद्धा सोडले नव्हते. त्यांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं, की उमेदवाराच्या चेहऱ्याचा रंग मी तिला न विचारता बदलला, आणि खाली माझी सही, गावाचं नाव. तसं वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहीत होते, आणि ते माझ्याबद्दल होतं. क्लार्कने जुना फोटो खरवडून काढला, नवीन चिकटवला, मुलीची सही घेतली. तेव्हा चारला वीस मिनिटं कमी होती. निघताना मॅडम तिला म्हणाल्या, पुढच्या वेळी असे फोटो काढत जाऊ नकोस हं. तिला म्हणाल्या, मला नाही.

ते दिवस संपले तरी माझं काम तेच राहिलं. २०१९मध्ये स्टुडिओ सोडेपर्यंत मी चेहरे करतच होते, फक्त आधी विचारायला लागले: आहे तसा ठेवू की उजळ करू? शेठना ते आवडायचं नाही, वेळ जातो म्हणायचे. बरेच जण उजळ करा म्हणायचे. मला वाटायचं, लोकांना सुंदर दिसायचं असतं. विचारल्यावर कळलं, तसं म्हणणारे थोडेच. बँकेत द्यायचाय, कंपनीत लावायचाय, शाळेत मुलाच्या फॉर्मवर पालकाचा म्हणून लागतो, अशी कारणं यायची. मुलीने कोर्स पुरा केला, हेही मला पुढे कळलं.

त्या बुधवारी मात्र आम्ही तलासरीच्या नाक्यावर बसची वाट बघत होतो. वडील आमच्यासाठी वडापाव आणायला गेले होते. सकाळपासून कुणी काही खाल्लं नव्हतं. मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, राहू दे ताई, नंबर राहिला ना. मला तेवढ्याने बरं वाटेना. मी तिला विचारलं, त्या दिवशी दारात उभी राहून तू तो फोटो इतका वेळ बघत होतीस, तेव्हाच का नाही म्हणालीस की ही मी नाही? मी लगेच दुसरा दिला असता.

तिने थोडा विचार केला. मला दुखवायचं नाही म्हणून नव्हे, नीट सांगायचं म्हणून.

"मला वाटलं, तिथे अशीच मुलगी घेत असतील," ती म्हणाली. "तुम्हाला माहीत असेल म्हणून तुम्ही केला. मी म्हटलं, फोटो बघून एकदा नाव लावू देत. मग मी गेल्यावर मला बघून काय काढून टाकतील?"

तसं काही नसतं गं, हे वाक्य माझ्या तोंडात तयार होतं. मोठ्या बाईने लहान मुलीला म्हणायचं वाक्य. पण साडेअकरापासून चार वाजत येईपर्यंत आम्ही दोघी त्याच टेबलाच्या कडेला उभ्या होतो, आणि मी जे बघितलं तेच तिने बघितलं होतं. मी ते वाक्य म्हटलं नाही.